बियाण्याला हात लावायचा नाही

मे महिना सरत आला की दुसरबीडच्या शिवारात घरोघरी एक परीक्षा चालते. घरच्या सोयाबीनच्या पोत्यातून, निवड न करता, शंभर दाणे मोजून घ्यायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. मधूनमधून पाणी शिंपडायचं. आठवडाभरात गुंडाळी उलगडून कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त दाणे उगवले, तर ते पोतं बियाण्याचं. तिथून पुढे त्याला हात लावायचा नाही. भाव चढला तरी ते विकायचं नाही. घरात अडचण आली तर आधी उसनवारी, मग दागिना. बियाण्याचा नंबर सगळ्यात शेवटी.

दानधर्माच्या व्यवहारात याच पोत्याला ‘कायम निधी’ म्हणतात, किंवा सरळ ‘कॉर्पस’. आणि एखाद्या ठरावीक भागातल्या शेकडो लोकांनी मिळून असं एक पोतं राखलं, त्याच्या उत्पन्नातून त्याच भागातल्या मुलांना शिष्यवृत्त्या आणि लहान संस्थांना अनुदानं दिली, आणि कोणाला किती द्यायचं हे एका धनिकाऐवजी त्या भागातल्याच जाणत्या माणसांनी ठरवलं, तर त्या रचनेला जगभर ‘कम्युनिटी फाउंडेशन’ म्हणतात. मराठीत त्यासाठी रुळलेला शब्द नाही. या लेखापुरतं आपण त्याला ‘लोकनिधी’ म्हणू. शब्द नसला तरी त्याचे तुकडे आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षं विखुरलेले आहेत. ते तुकडे काय शिकवतात, आणि सिंदखेड राजाहून मेहकरकडे जाताना लागणाऱ्या दुसरबीडसारख्या बाजाराच्या गावाला त्यातून काही उभारता येईल का, हा या आढाव्याचा विषय.

पैसा नाही, असं नाही

गावाकडे दानाचा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘इथं खायला नाही, द्यायचं कुठून?’ ते अर्धंच खरं आहे. पश्चिम विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांना शेतकरी आत्महत्यांमुळे खास पॅकेज जाहीर करावं लागलं, त्यात दुसरबीडचा बुलढाणा जिल्हाही होता. कोरडवाहू शेती, सोयाबीन-कापसाचा बेभरवशाचा भाव, हे सगळं आहेच. पण त्याच गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा काय होतं ते पाहा. कोणी एकराप्रमाणे, कोणी उंबऱ्यामागे वर्गणी देतं. कोणी गव्हाचं पोतं देतं, कोणी एका दिवसाची पंगत अंगावर घेतं. आठ दिवस शेकडो माणसं जेवतात आणि काल्याच्या दिवशी देणाऱ्यांची नावं माइकवरून वाचली जातात. एकाही माणसाला पावती-पुस्तक घेऊन तीनदा दारात यावं लागत नाही.

म्हणजे देण्याची सवय आहे आणि जमवण्याची यंत्रणाही आहे. मात्र सप्ताहाचा पैसा सप्ताहातच संपतो, आणि संपावा अशीच त्याची योजना असते. गावाने एकत्र जमवलेला, पण न संपणारा पैसा कुठे ठेवायचा, हे मात्र गावाला ठाऊक नाही. आणि जिथे ठेवून पाहिला, तिथला अनुभव चांगला नाही. शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभा राहिलेला दुसरबीडचा जिजामाता सहकारी साखर कारखाना बंद पडला. ज्या घरात त्या शेअरचा कागद ट्रंकेत पडून आहे, त्या घराला ‘सगळ्यांनी मिळून थोडं थोडं टाकू’ म्हटलं की पहिली शंका तिथूनच येते. त्या शंकेला अडाणीपणा म्हणता येत नाही, ती अनुभवाने आलेली आहे. लोकनिधीचा विचार तिला उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकू शकत नाही.

उलट बाजूचं उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. बुलडाणा अर्बन ही पतसंस्था १९८६ साली ७२ सभासद आणि १२ हजार रुपयांवर सुरू झाली आणि पुढे देशातल्या सर्वांत मोठ्या पतसंस्थांमध्ये गणली गेली. ती दानाची संस्था नव्हे, ठेवी-कर्जाची आहे. पण लहान रकमा जिल्ह्यातच जमू शकतात, टिकू शकतात, एवढं तिने दाखवून दिलं.

फलकावरच्या ठेवी

कोणत्याही जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत जा. भिंतीवर एक फलक असतो, बहुधा काळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांचा. कुणाच्या तरी स्मृतिप्रीत्यर्थ ठेव रुपये ५०१. व्याजातून दहावीत गणितात पहिल्या येणाऱ्यास पारितोषिक. त्याखाली ठेव रुपये १,००१. संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थिनीस. ठेवी ठेवल्या तेव्हा त्या व्याजात एका मुलाची वर्षाची पुस्तकं येत असतील. आज त्यात एक चांगलं पेन येणार नाही. शाळेत संस्कृत शिकवणं बंद झालं असेल तर ते व्याज वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. मुद्दल राखलं गेलं, शब्द पाळला गेला, आणि हेतू मात्र कधीच वारला.

हेच दुखणं अमेरिकेत क्लीव्हलंड शहरातल्या फ्रेडरिक गॉफ या बँकरने ओळखलं. मृत्युपत्रांनी बांधून ठेवलेला पैसा त्याच्या बँकेत पडून असे. ज्या कामासाठी तो ठेवला, ते काम काळाने पुसून टाकलेलं असे. पण मेलेल्या माणसाचा हात कागदावरून उचलता येत नसे. त्यावर उपाय म्हणून गॉफने १९१४ साली क्लीव्हलंड फाउंडेशन स्थापन केलं. लोकनिधीचा जगातला पहिला नमुना तो. त्यात दोन गोष्टी नव्या होत्या. एक, अनेकांचे निधी एकत्र राखायचे आणि काळ बदलला तर त्यांचा उपयोगही बदलायची मुभा ठेवायची. दुसरी त्याहून महत्त्वाची: पैसा सांभाळेल बँक, पण वाटप ठरवेल नागरिकांची समिती. किल्ली एकाकडे आणि माप दुसऱ्याकडे.

आपल्या कायद्यालाही हे दुखणं ठाऊक आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ५५ मध्ये, मूळ हेतू अशक्य किंवा निरर्थक झाला तर त्याच्या जवळच्या हेतूसाठी पैसा वळवण्याची वाट ठेवलेली आहे. पण ५०१ रुपयांच्या ठेवीसाठी ती वाट कोण चालणार? म्हणून नवी ठेव ठेवतानाच कागदावर एक ओळ जास्त लिहावी: ‘हा हेतू पुढे गैरलागू ठरल्यास समितीने गावातील शिक्षणासाठी योग्य वाटेल तो विनियोग करावा.’ एवढी ओळ लिहायला खर्च काही येत नाही.

मुठीने जमलेले निधी

लोकवर्गणीतून संस्था उभारण्यात मराठी मुलूख कुणाच्या मागे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंड’ काढला. माणशी वर्षाला एक पैसा एवढीच मागणी. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचकारखाना उभा राहिला. पैसा फंडाचा धडा असा की मागणी इतकी लहान ठेवावी की नाही म्हणायला लाज वाटावी.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू केलं. मुलांना जेवू घालायला खेड्यापाड्यांतून मूठ-मूठ धान्य जमवलं जाई. अडीअडचणीला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने मोडले गेले. ‘कमवा आणि शिका’ हे त्या धान्याला दिलेलं उत्तर होतं: घेणाऱ्यानेही घाम गाळायचा. विदर्भात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला आधी श्रद्धानंद छात्रालय काढलं आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचं पोरगं शिकलं ते बव्हंशी या छपराखाली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांची जी रांग उभी केली, तिच्यात राजाचा पैसा होता, पण प्रत्येक समाजाला आपापल्या वसतिगृहाचा कारभार शिकायला लावण्याची दृष्टीही होती.

शिष्यवृत्त्यांचा इतिहासही असाच बोलका आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी मंजूर केले आणि परतल्यावर बडोदा संस्थानात नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. नोकरीच्या बाबतीत तो करार फळाला आला नाही; बडोद्यात त्यांना राहायला जागासुद्धा मिळाली नाही. शिष्यवृत्तीचं फळ मात्र अख्ख्या देशाला मिळालं. घेणाऱ्याला बांधून ठेवण्याची हौस असलेल्या प्रत्येक दात्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी. जमशेटजी टाटांनी १८९२ साली काढलेल्या निधीची तऱ्हा वेगळी: तिथे मदत कर्जाऊ मिळे, परत आलेल्या पैशातून पुढचा विद्यार्थी परदेशी जाई. आणि पुण्यात अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली सुरू केलेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीने खेड्यातल्या मुलाला पैशाच्या जोडीला खोली, खाणावळ आणि पाठीवर हात दिला. तिथे राहून गेलेले विद्यार्थीच पुढे तिचे देणगीदार झाले.

या सगळ्या संस्था थोर आहेत, पण त्यांतली एकही नेमक्या अर्थाने लोकनिधी नाही. त्या स्वतः काम करणाऱ्या संस्था आहेत: शाळा चालवतात, वसतिगृह चालवतात. लोकनिधी स्वतः शाळा काढत नाही. गावात आधीच असलेल्या शाळा, वाचनालय, बचत गट, अभ्यासिका यांच्यात कुठे काय कमी पडतंय ते पाहतो आणि तेवढंच भरून काढतो. त्याच्यावर कुणाचं नाव मोठ्या अक्षरांत लागत नाही. कदाचित म्हणूनच तो आपल्याकडे रुजला नाही.

शेगाव, जालना, मुंबई

दुसरबीडच्या माणसाला दानाची सर्वांत मोठी जिवंत व्यवस्था बघायला लांब जावं लागत नाही. शेगावचं गजानन महाराज संस्थान १९०८ साली, महाराजांच्या हयातीतच स्थापन झालं. भाविकांच्या पैशातून तिथे अभियांत्रिकी महाविद्यालय, दवाखाने, अपंग मुलांसाठीचं काम उभं राहिलं. २०२१ साली वारलेले शिवशंकरभाऊ पाटील यांचं नाव निघालं की लोक आधी संस्थानची स्वच्छता, शिस्त आणि हजारो सेवाधाऱ्यांची विनामोबदला सेवा आठवतात, इमारती नंतर. दानपेटी भरते ती भक्तीने, पण पिढ्यान् पिढ्या भरत राहते ती या विश्वासाने. दुसऱ्या बाजूला, जालन्यात महिको या बियाणे कंपनीचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले यांच्या पुढाकारातून उभं राहिलेलं गणपती नेत्रालय आहे. बियाण्याच्या धंद्यातल्या पैशातून झालेल्या या डोळ्यांच्या दवाखान्यात बुलढाण्याकडचे रुग्णही जातात.

एका ठिकाणी देवाचा अधिकार, दुसऱ्या ठिकाणी उद्योगपतीची इच्छा. दोन्ही ठिकाणी भलं झालं. पण देवस्थान किंवा उद्योगपती ज्या गावाच्या वाट्याला आलेला नाही, त्याने काय करायचं? कंपनी कायदा, २०१३ ने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले, पण त्याच कायद्याने कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही म्हटलं. ज्या परिसरात कंपनीच नाही, तिथे या पैशाचा ओघ येणार कसा?

देशातला पहिला लोकनिधी म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट, मुंबईत १९९१ साली स्थापन झाला. मुंबईचा पैसा मुंबईच्या प्रश्नांना, हे त्याचं सूत्र. तीन दशकं उलटून गेली तरी तसे निधी गावोगाव झाले नाहीत. महानगरात दाता आणि गरजू एकमेकांना ओळखत नाहीत, म्हणून मध्ये संस्था लागते. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून संस्थेची गरजच नाही असं वाटतं. खरं तर ओळख आहे म्हणूनच गरज जास्त आहे. ओळखीने दिलेला पैसा ओळखीच्याच घरी जातो.

बाहेर गेलेल्या मराठी माणसाचा ओढा गावाकडे असतो, हेही सिद्ध झालंय. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी १९७८ साली महाराष्ट्र फाउंडेशन स्थापन केलं आणि इकडच्या सामाजिक कामांना मदत पाठवली. १९९४ पासून साहित्य आणि समाजकार्याचे पुरस्कारही सुरू केले. ‘लोकसत्ता’ २०११ पासून गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या उपक्रमातून दर वर्षी दहा संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक थेट त्या संस्थांच्या नावे धनादेश पाठवतात. कुणीतरी आधी जाऊन, पाहून, पारखून सांगितलं की लोक द्यायला तयार असतात, हे त्यातून दिसतं. पारखणं हेच लोकनिधीचं खरं काम.

कायद्याचं कुंपण

‘पाच जण मिळून बँकेत खातं उघडू’ इथून सुरुवात करणं चुकीचं. बुलढाण्याच्या धर्मादाय कार्यालयात विश्वस्त व्यवस्थेची नोंदणी हवी. नोंदणीनंतर दर वर्षी हिशेब तपासून सादर करायचे. विश्वस्त वारला, बदलला की बदल अर्ज वेळेत द्यायचा. या एका कामाच्या आळसाने गावोगावच्या संस्था अडकल्या आहेत: परिशिष्ट एकवर नाव असलेले निम्मे विश्वस्त स्वर्गात आणि उरलेले कोर्टात. निधीची रक्कम कुठे ठेवायची हेही त्याच कायद्याच्या कलम ३५ ने बांधून दिलंय. जास्त व्याजाच्या मोहाने ती भलत्या ठिकाणी ठेवता येत नाही, हे बरंच आहे.

मग आयकर. देणगीदाराला सवलत देणाऱ्या ज्या तरतुदीला आपण सगळे ‘८०-जी’ म्हणून ओळखतो, ती १९६१ च्या कायद्यातली. १ एप्रिल २०२६ पासून नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत; पण जुन्या चौकटीचे काही नियम गावाने पाठच करावेत असे आहेत. दोन हजारांवरची रोख देणगी सवलतीला पात्र नाही. एकाच धर्माच्या किंवा जातीच्या लाभासाठी काढलेल्या संस्थेला ही सवलत नाही. मागासवर्ग, अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि मुलं यांच्यासाठीच्या संस्थांचा अपवाद आहे. उत्पन्नाचे ८५ टक्के हेतूवर खर्च झालेच पाहिजेत, १५ टक्के राखता येतात. विश्वस्तांच्या नातलगांना लाभ देता येत नाही. आणि कायम निधीसाठी दिलेली रक्कम तशी आहे हे देणगीदाराने लेखी सांगितलेलं असावं, नाहीतर ती वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते.

गेल्या काही वर्षांतले दोन बदल लोकनिधीला थेट बोचणारे आहेत. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. मात्र भारतीय पासपोर्ट असलेल्या, परदेशात नोकरी करणाऱ्या गावकऱ्याने स्वतःच्या कमाईतून दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. आणि २०२३ च्या वित्त कायद्यानंतर एका विश्वस्त संस्थेने दुसरीला दिलेल्या रकमेपैकी ८५ टक्केच खर्च म्हणून धरले जातात. लहान गावासाठी याचा अर्थ सरळ आहे: शिष्यवृत्ती थेट विद्यार्थ्याला द्यावी आणि मधल्या संस्थांची साखळी लांबवू नये.

द्यायचं कोणाला?

इथे गोष्ट खरी अवघड होते. जून-जुलैत गावोगाव गुणगौरव सोहळे होतात. मंडप, माइक, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, दहावीत नव्वद टक्क्यांवर मिळवलेल्यांना स्मृतिचिन्ह आणि पाकीट. पाहुण्यांच्या स्वागताचा खर्च आणि पाकिटांची बेरीज एकदा शेजारी मांडून पाहावी; बहुतेक ठिकाणी गप्प बसावं लागेल. शिवाय ज्याला नव्वद टक्के पडले त्याचा मार्ग बऱ्यापैकी मोकळाच असतो. शिकवणीला पाठवणारे आईबाप त्याच्या मागे असतात.

आता एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. दुसरबीडला बारावी, पासष्ट टक्के, छत्रपती संभाजीनगरला नर्सिंगला नंबर लागलाय. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणी यांसाठी तहसीलच्या खेपा झाल्यात. राज्य सरकारने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण उचललीय. महाडीबीटीवर राजर्षी शाहू शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार आहे. आठवीच्या एनएमएमएस परीक्षेतून निवडलेल्यांना वर्षाला १२ हजार आहेत. कागदावर फारसं काही कमी नाही.

पण प्रवेश घ्यायचा तो चार दिवसांत, आणि सरकारी हप्ता खात्यात पडतो कित्येक महिन्यांनी. मधल्या काळात खोलीची अनामत, खाणावळीचं पहिल्या महिन्याचं आगाऊ बिल, गणवेश, पुस्तकं, येण्याजाण्याचं भाडं. त्या चार दिवसांत बाप सावकाराकडे जातो, नाहीतर म्हणतो, ‘पुढच्या साली पाहू.’ पुढच्या साली लग्न होतं. सरकारचा पैसा मोठा असतो, पण उशिरा येतो. गावचा पैसा लहान असेल, पण वेळेवर पोचू शकतो. लोकनिधीची जागा नेमकी इथे आहे. सरकारच्या शिष्यवृत्तीशी स्पर्धा करायची नाही, तिच्यातली फट बुजवायची. हप्ता आल्यावर जमेल तेवढी रक्कम परत घालायची, टाटांच्या निधीसारखी. करार नको, शब्द पुरे.

त्याच न्यायाने आयटीआयला जाणारा, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देणारा, आईबाप ऊसतोडीला गेल्यामुळे आजीकडे राहून शिकणारा, हे सगळे गुणवंतांच्या यादीत कधीच येत नाहीत, पण निधीच्या यादीत यायला हवेत. निवडीला अर्जाबरोबर घरभेट हवी. भेटीला जाणारे दोघं वेगवेगळ्या वस्तीतले असावेत आणि त्यांतली एक बाई असावी. घरात चूल कशावर पेटते, पोरगी अभ्यासाला कुठे बसते, हे अर्जात कुणी लिहीत नाही.

संस्थांच्या अनुदानाचंही तसंच. इमारतीला देणगी मिळते, कोनशिलेवर नाव लागतं. अभ्यासिकेच्या वीजबिलाला, वाचनालयाच्या वर्तमानपत्रांना, शाळेच्या शौचालयात पाणी भरणाऱ्या बाईच्या मानधनाला कुणी देत नाही, कारण त्यावर कोनशिला बसत नाही. लोकनिधीने मुद्दाम तेच उचलावं.

दुसरबीडचं गणित

समजा, गाव आणि आसपासच्या खेड्यांतली मिळून ४०० घरं वर्षाला ५०० रुपये द्यायला तयार झाली. घरच्या पोत्यातलं थोडं सोयाबीन जाईल एवढंच. वर्षाला दोन लाख झाले. त्यातले एक लाख, लेखी नोंदीसह, बियाण्याच्या पोत्यात. एक लाख त्याच वर्षी वाटायला. पाच वर्षांत पोत्यात पाच लाख होतील, आणि सात टक्के व्याज धरलं तर त्यातून वर्षाला ३५ हजार येतील. वाटपाचा एक लाख वेगळाच. पाच-पाच हजारांची तातडीची मदत वर्षाला वीस-पंचवीस मुलांना पोचू शकते. हे आकडे कागदावरचे आहेत, पण अशक्य कोटीतले नाहीत. एका सप्ताहाच्या पंगतीपेक्षा फार मोठे तर नाहीतच.

हे टिकायचं तर तीन हात वेगळे हवेत: ठेवणारा, वाटणारा, तपासणारा. ठेवणारी बँक. वाटणारी समिती, दर तीन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य बदलणारी, निवडणुकीला उभा राहणारा माणूस तिच्यात नसलेली. तपासणारं गाव. त्यासाठी सप्ताहाची रीत तयारच आहे. देणाऱ्यांची नावं ज्या माइकवरून वाचली जातात, त्याच माइकवरून वर्षाचा जमाखर्चही वाचावा. घेणाऱ्या मुलांची नावं मात्र वाचू नयेत. किती मुलांना, कशासाठी, एवढं पुरे. गरिबीचा सत्कार करायचा नसतो. आणि कामाला लागण्याआधी गोणपाटावरची परीक्षा इथेही घ्यावी: पहिल्या वर्षी पाच-सात मुलांपुरतीच मदत द्यावी आणि वर्षाअखेर किती कोंब टिकले ते मोजावं. उगवण कमी आली तर दोष दाण्यांना न देता रीत बदलावी.

या आढाव्याचा निष्कर्ष एवढाच की, लोकनिधीसाठी लागणारं सगळं सामान आपल्याकडे सुटं सुटं पडलेलं आहे. पैसा फंडाची लहान मागणी, रयतेची मूठ, शेगावची शिस्त, टाटांची परतफेड, सप्ताहाचा माइक. कमी आहे ती न संपणारा पैसा सांभाळण्याची सवय. ती एका वर्षात लागणार नाही.

सुरुवात मात्र याच महिन्यात करता येईल, आणि तीही एक रुपया न जमवता. आपल्या शाळेत जा, मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या त्या फलकाचा फोटो काढा, कुठल्या ठेवी अजून जिवंत आहेत आणि कुठलं व्याज पडून आहे याची यादी मागा. तुमच्या आज्या-पणज्यांनी ठेवलेलं बियाणं तिथे आहे. आधी त्याची उगवण तपासा. नवीन पोत्याचं नंतर बघू.